पार्किंगमध्ये ‘संशयकल्लोळ’ : नाट्यगृहाबाहेर नाटक वाचून दाखवायचं तर

फाल्गुनरावांचा संशय ऐन रंगात आला होता आणि मागून रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची पिपाणी वाजायला लागली. आम्ही एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘संशयकल्लोळ’ वाचत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना दवाखान्यात जायचं होतं आणि त्यांची गाडी नेमकी आमच्या पाठीमागे अडकलेली. पन्नासेक माणसं उठली, सतरंज्या गुंडाळल्या, गाडी गेली, सतरंज्या पुन्हा पसरल्या. फाल्गुनराव वाचणाऱ्या आमच्या मित्राने चष्मा सावरला आणि कागदाकडे न बघता विचारलं, “आत्ता गेला तो कोण? आणि जाताना आमच्या खिडकीकडे कशाला बघत होता?” त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा या वाक्याला मिळाला. नाटककार देवलांच्या संहितेत ते नाही.

नाट्यगृहात ही गाडी आलीच नसती, खरं आहे. पण त्या पन्नासांतली बरीचशी माणसंही आली नसती. नंतर चहा पिताना विचारलं, तर निम्म्या लोकांना शेवटचं नाटक कधी पाहिलं ते आठवेना. एका आजोबांना आठवलं, तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं.

आम्ही सांगली-मिरजेकडचे सहा-सात हौशी लोक. एक शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेले, एक मेडिकल दुकानवाला, बाकी असेच. नाटक बसवायला लागणारा पैसा, वेळ आणि नेपथ्याचा टेम्पो यांपैकी काहीही आमच्याकडे नाही, म्हणून आम्ही अभिवाचन करतो, म्हणजे कागद हातात धरून नाटक वाचून दाखवतो. वाचनालय, देवळाचा सभामंडप, अंगणवाडीची खोली, वृद्धाश्रमाची जेवणाची पडवी, एकदा एका गुऱ्हाळावर, एकदा एसटी चालक-वाहकांच्या विश्रांतिगृहात. “आम्हालाही करायचंय, पण सुरुवात कुठून करायची?” असं आता बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातल्या बऱ्याच गोष्टी आधी चुकून मग कळलेल्या आहेत.

आधी जागा, मग नाटक

नवखी मंडळी हमखास उलटं करतात. आवडतं नाटक ठरवतात, त्याच्या तालमी करतात आणि मग जागा शोधत फिरतात. मिळेल त्या जागेत नाटक कोंबलं की ते तिथे उपऱ्यासारखं वाटतं. आधी जागा बघा. तिथे रोज कोण बसतं, कधी बसतं, किती वेळ बसतं आणि कशाबद्दल बोलतं, ते बघा. एक-दोन संध्याकाळी नुसतं जाऊन बसा. आमचा साधा नियम आहे : जिथे माणसं आधीपासून जमतात तिथे आपण जायचं. रिकाम्या जागेत माणसं जमवण्याची ताकद आपल्यात नाही. ज्यांच्यात आहे, त्यांनी खुशाल नाट्यगृह भाड्याने घ्यावं.

“असल्या जागेत कुठे नाटक होतं का?” म्हणून नाक मुरडणारे भेटतीलच. त्यांना सांगावं, की विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 ला ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीच्या राजवाड्यात, कारण तेव्हा मराठी नाटकाला नाट्यगृहच नव्हतं. अलीकडचं उदाहरण हवं असेल, तर 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नाटकं केली आणि त्या शाळेच्या नावाने प्रायोगिक रंगभूमीचा एक अख्खा काळ ओळखला जातो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर आजही सुगीचा हंगाम संपला की मोकळ्या शेतात मांडव पडतो आणि लोक रात्रभर नाटक बघतात.

आणि नुसत्या वाचनाचं म्हणाल, तर ते आपल्याकडे जुनंच आहे. चातुर्मासात गावच्या देवळात पोथी लागते. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाया वाती वळत ऐकतात, म्हातारी माणसं खांबाला टेकून ऐकतात, आणि द्रौपदीवस्त्रहरणाच्या अध्यायाला सगळं देऊळ गप्प होतं. ना प्रकाशयोजना, ना नेपथ्य. शब्द आणि आवाज एवढ्यावर लोकांना धरून ठेवता येतं, हे त्या देवळातल्या माणसांना तुम्ही समजावून सांगायची गरज नसते. म्हणून माझं मत असं, की पहिलं वाचन शहरातल्या कॅफेत करण्याऐवजी पोथी लागणाऱ्या देवळात करावं. कॅफेत कॉफीच्या मशीनशी झुंजावं लागतं आणि निम्मे श्रोते आपले मित्रच असतात.

सगळ्यात सोपी जागा मात्र वाचनालय. आपल्याकडे सरकारमान्य सार्वजनिक वाचनालयं गावोगाव आहेत, ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंत. त्यांना वर्षभर काही ना काही कार्यक्रम करायचे असतातच : 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी नेहमी तेच भाषण असतं. आठ दिवस आधी जाऊन ग्रंथपालांना “आम्ही तासभर नाटक वाचतो, पैसे नकोत” म्हणालात, तर ते तुम्हाला चहा पाजतील.

जागेला शोभेल असं नाटक

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधले दारुड्या तळीरामाचे प्रवेश वाचायला फार मजेदार आहेत. आम्ही ते एका देवळात वाचायचं ठरवलं. पुजारीकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नाटकाला माझी ना नाही. पण आर्यमदिरामंडळाची सभा देवासमोर भरवू नका.” मुद्दा बिनतोड होता. समोरच्या शाळेच्या व्हरांड्यात वाचन झालं आणि पुजारीकाका पहिल्या रांगेत होते. तेव्हापासून आम्ही यजमानांना आधी संहितेचा गोषवारा सांगतो, आणि शिव्या, जातिवाचक उल्लेख, देवाधर्मावरची टीका असं जे काही असेल ते स्वतःहून दाखवतो. लपवून वाचलं तर त्या जागेचं दार आपल्यालाच नव्हे, पुढच्या कोणालाही बंद होतं.

नवख्यांनी पहिल्यांदा विनोदी नाटक घ्यावं. दुसरी अट, एका वेळी दोन-तीनच पात्रं बोलतील असे प्रवेश. तिसरी अट, वादाचं नाटक. दोन माणसं एकमेकांना पटवू पाहतायत, फसवतायत, उलटतपासणी घेतायत, असं काही असेल तर वाचन आपोआप उभं राहतं. ज्या नाटकात गंमत हालचालीत आहे, मारामारीत आहे, कपडे बदलण्यात आहे, ते सोडून द्यावं. रंगसूचना वाचून वाचून दमाल.

हक्कांचं नीट समजून घ्या. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढचं वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षं हक्क टिकतात. म्हणजे देवल (निधन 1916), गडकरी (1919), श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1934), खाडिलकर (1948) यांची नाटकं आता कोणीही वाचू शकतं. मात्र नव्या आवृत्तीतली संपादकाची प्रस्तावना आणि टिपा त्यात धरू नका. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजला जातो.

आजच्या लेखकाचं नाटक असेल, तर कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तरीही आम्ही लेखकाला, किंवा ते हयात नसतील तर वारसांना, प्रकाशकामार्फत विचारतोच. आजवर आम्हाला एकदाही नकार मिळाला नाही. एका लेखकाने तर स्वतः येऊन मागे बसून ऐकलं आणि गाळलेल्या दोन वाक्यांबद्दल आम्हाला खडसावलं. आणि लक्षात ठेवा, फुकट वाचन वेगळं आणि त्याचं चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणं वेगळं. पुतण्या हौसेने लाइव्ह करतो, त्याला आधीच थांबवा.

कात्री

जुनं पाच अंकी नाटक पूर्ण वाचायचं म्हटलं तर रात्र जाईल. बिनपाठीच्या खुर्चीवर किंवा सतरंजीवर बसलेलं माणूस पन्नास मिनिटं मनापासून ऐकतं, तासाभराने मांडी बदलतं, सव्वा तासाने फोन काढतं. म्हणून संहिता पन्नास मिनिटांची करा.

कापायचं कसं? मधले प्रवेश उडवून तिथे सूत्रधाराच्या दोन ओळी टाका : “इकडे रेवतीला चक्कर आली, फाल्गुनरावांनी तिला सावरलं, आणि हे सगळं त्यांच्या बायकोनं, कृत्तिकेनं, वरून पाहिलं.” झालं. मात्र ठेवलेल्या प्रवेशातली वाक्यं चिमटे काढल्यासारखी कापू नका. गडकऱ्यांचं लांबलचक वाक्य मध्येच तोडलं, तर त्याचा शेवटचा टोला रिकामा जातो. अख्खा परिच्छेद गाळा, पण वाक्य धड ठेवा.

संगीत नाटकातल्या पदांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. आमच्यात एक बाई गातात, त्यामुळे दोन-तीन पदं फोनवरच्या तानपुऱ्यावर होतात. गाणारं कोणी नसेल तर पद कवितेसारखं सावकाश वाचावं. सुरात नसताना गाऊ नये. प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या माणसांना ती पदं पाठ असतात आणि त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

रंगसूचना सगळ्या वाचायच्या नाहीत. ‘दार वाजतं’, ‘तसबीर उचलते’, ‘आत जातो’ असं, कानाने कळणार नाही तेवढंच ठेवा. ‘रागाने’, ‘लाजून’, ‘कपाळाला आठ्या घालून’ हे वाचकाच्या आवाजातून यायला हवं. सूत्रधाराने “रागाने” म्हणायचं आणि मग वाचकाने रागावायचं, हे ऐकायला फार विचित्र लागतं.

कागद

यावर जरा जास्त लिहितो, कारण वाचन फसतं ते बहुतेक कागदामुळे.

पुस्तकातून वाचू नका. पुस्तक मिटतं, एका हातात राहत नाही, आणि झेरॉक्स काढली तर मधल्या घडीतली अक्षरं खातं. संहिता नव्याने टाइप करून घ्या. अक्षर 16 पॉइंटचं, ओळींमध्ये दीडपट अंतर, डावीकडे तीन बोटं समास, आणि छपाई एकाच बाजूला. पात्राचं नाव ठळक आणि वेगळ्या ओळीवर. पान अशा ठिकाणी संपवा, की बोलणाऱ्याचं वाक्य तिथेच संपेल. मधेच पान उलटावं लागलं की तेवढ्या वेळात समोरच्याची लय जाते. आमच्या मापाने असं एक पान सव्वा ते दीड मिनिट चालतं, म्हणजे पन्नास मिनिटांना साधारण पस्तीस ते चाळीस पानं.

स्टेपलर नको. सुटी पानं क्लिपबोर्डवर किंवा काळ्या फाइलमध्ये, प्रत्येक पानावर मोठा क्रमांक. वाचून झालेलं पान अलगद मागे सरकवायचं. क्लिपबोर्ड का? पंखा. एका वाचनालयात ‘एकच प्याला’तली सिंधू वाचणारीचं बावीस क्रमांकाचं पान पंख्याच्या वाऱ्याने उडालं आणि थेट पहिल्या रांगेतल्या एका लहान मुलाच्या मांडीवर जाऊन पडलं. त्याने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बरं वाचत होता.

आपले संवाद फिकट पिवळ्या रंगाने रंगवा, गडद रंगाने नको. बल्बच्या पिवळ्या उजेडात गडद रंगाखालची अक्षरं दिसत नाहीत. दम कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने उभी रेघ. जुनी नाटकं वाचताना अडखळायला लावणारे शब्द आधीच कोणाला तरी विचारून घ्या आणि समासात फोड लिहून ठेवा. आणि चष्मा! चाळिशीच्या पुढच्या वाचकांनी जवळचा चष्मा लावला की श्रोते धूसर दिसतात, काढला की कागद धूसर. बायफोकल असेल तर उत्तम. नसेल तर कागद जरा वर, छातीच्या उंचीला धरायची सवय करा, म्हणजे मान न हलवता नजर वर जाते. मोबाइलवरून किंवा टॅबवरून वाचायचा मोह टाळा. आम्ही एकदा केलं. तिसऱ्या प्रवेशात मेव्हण्याचा फोन आला.

माणसं आणि तालमी

पाच ते सात वाचक पुरे. एका वाचकाने दोन छोट्या भूमिका केल्या तर चालतं, फक्त त्या दोघांची आपापसात भेट नको. आवाज बदलण्यासाठी घसा आवळू नका, वेग बदला. घाईघाईने बोलणारं पात्र आणि शब्द मोजून बोलणारं पात्र लोकांना लगेच वेगळं कळतं. खर्जात बोलून केलेला म्हातारा वीस मिनिटांत घसा बसवतो.

तालमी पाच. पहिलीत कोणीही अभिनय करायचा नाही, नुसतं सपाट वाचायचं, अर्थ आणि उच्चार पक्के करायचे. दुसरी आणि तिसरी संवादांच्या लयीसाठी. इथे एकच गोष्ट घोटायची : समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तुमचा श्वास घेऊन झालेला असला पाहिजे. नवख्या वाचनात प्रत्येक संवादानंतर अर्धा सेकंद जातो, आणि सहाशे संवादांचा हिशेब केलात तर पाच मिनिटं नुसती शांतता वाचली असं होतं. चौथी तालीम उभं राहून, कागद हातात धरून. पाचवी प्रत्यक्ष जागेवर, आणि ज्या वेळेला वाचन आहे त्याच वेळेला. सकाळी शांत असलेल्या सभामंडपात संध्याकाळी सातला आरती असते, हे असंच कळतं.

एखादी छोटी भूमिका त्या जागेतल्या माणसाला द्या. अंगणवाडीत बचत गटाच्या बायकांसमोर देवलांचं ‘शारदा’, म्हणजे पैशांसाठी मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी ठरवणाऱ्या बापाचं नाटक, वाचताना शारदेच्या आईची वाक्यं आम्ही त्यांच्यातल्याच एका ताईंना दिली. दोन तालमींना आल्या, भाकऱ्या थापून. त्यांनी वाचलं ते देवलांच्या पुणेरी ब्राह्मणी बोलीत नव्हतं, मिरजेकडच्या हेलात होतं. इतकी खरी आई आम्हाला कोणाला जमली नसती.

जागेवर

वाचकांच्या मागे भिंत हवी. दार नको, खिडकी नको, रस्ता नको. दार असेल तर प्रत्येक येणारा-जाणारा माणूस नाटकातलं पात्र होतो. खिडकी असेल तर चेहरे काळे दिसतात. वाचक अर्धवर्तुळात, श्रोते तीन बाजूंनी जवळ. पहिली रांग सतरंजीची ठेवा, म्हणजे मुलं पुढे बसतात आणि मोठ्यांना पुढची रिकामी रांग बघून मागे पळायची सोय राहत नाही. खुर्च्या अंदाजापेक्षा दहा कमी मांडा आणि दहा बाजूला रचून ठेवा. लोक आल्यावर खुर्च्या काढताना यजमानांना जो आनंद होतो, तो रिकाम्या खुर्च्यांकडे बघताना होत नाही.

बंद खोलीत चाळीस माणसांपर्यंत माइक नको. पार्किंग, मांडव, उघडी पडवी असेल तर दोन माइक, दोन्ही स्टँडवर. एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात माइक घेतला की पान उलटायला तिसरा हात लागतो. ट्यूबलाइट वाचकांच्या डोक्यावर किंवा जरा पुढे हवी, मागे असेल तर कागदावर आपलीच सावली पडते. लाइट जाणार हे गृहीत धरून दोन चार्जिंगचे दिवे जवळ ठेवा. सोसायटीत वाचणार असाल तर पाण्याच्या पंपाची वेळ विचारा. आणि कोणाच्या गाड्या मागे आहेत, तेही.

एखादीच वस्तू हातात असली तर फार काम करते. ‘संशयकल्लोळ’ला आम्ही एक छोटी फ्रेम नेतो, आत कोणाचा तरी जुना काळा-पांढरा फोटो. कृत्तिका वाचणारी ती एकदाच उचलते. मग ती फ्रेम पूर्ण वेळ टेबलावर पडून असते आणि फाल्गुनराव वाचताना अधूनमधून तिच्याकडे बघतात. याहून जास्त सामान नेलं की नाटक बसवायचा मोह होतो, आणि अर्धवट बसवलेलं नाटक वाचनापेक्षा वाईट.

परवानग्यांचं थोडक्यात : जागामालकाची किंवा सोसायटीच्या कमिटीची लेखी संमती घ्या. उघड्यावर लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलिस ठाण्यात अर्ज करा, आणि रात्री दहाच्या आत आटपा, कारण दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियमच आहे. जाहीर नाट्यप्रयोगासाठी आपल्याकडे संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तिकीट लावायचा किंवा मोठा जाहीर कार्यक्रम करायचा विचार असेल तर आधी तिथे विचारून घ्या.

बोलावणं

रंगीत पोस्टर आम्ही केलं होतं. त्याने कोणी आलं नाही. माणसं येतात ती त्या जागेतल्या एका माणसाच्या सांगण्यावरून : ग्रंथपाल, सोसायटीची सेक्रेटरी, अंगणवाडीसेविका, डेअरीवर दूध मोजून घेणारा. त्याला तालमीला बोलवा, चहा द्या, त्याला नाटक आवडलं तर काम झालं. वाचनालयाच्या बाहेरचा फळा अजूनही चालतो. त्यावर ‘नाट्यवाचन’ एवढंच लिहू नका. ‘बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याची आणि नवऱ्यावर संशय घेणाऱ्या बायकोची गोष्ट, संध्याकाळी 6.30, चहा आहे’ असं लिहा.

वेळ त्यांची, आपली नाही. बायकांसाठी दुपारी तीन. गावात डेअरीला दूध घालून झाल्यावर, म्हणजे रात्री आठ. विश्रांतिगृहात चालक-वाहकांसाठी आम्ही दुपारी दोनला वाचलं. अकरा श्रोते होते. त्यातले चार मधेच ड्युटी लागली म्हणून उठून गेले, बाजूला दोघे झोपले होते ते जागे होऊन ऐकायला बसले आणि शेवटी नऊ जण होते. एका वाहकाने जाताना विचारलं, “पुढं काय झालं ते संध्याकाळी परत आल्यावर सांगाल का?” आम्ही थांबलो. अशा ठिकाणी पन्नास मिनिटांचं एक नाटक नेण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटांचे सुटे प्रवेश न्यावेत, हे आम्हाला उशिरा सुचलं.

क्रिकेटची मॅच, लग्नाची दाट तिथी, दहावी-बारावीची परीक्षा आणि मालिकेचा महाएपिसोड हे चार दिवस टाळा.

त्या संध्याकाळी

दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, मान्यवरांचा परिचय, सत्कार, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत. हे सगळं नको, असं यजमानांना पहिल्याच भेटीत, नम्रपणे आणि दोनदा सांगा. एका ठिकाणी आम्ही फक्त एकदा सांगितलं होतं. वाचन सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागली आणि माझ्या हातात तीन नारळ होते. यजमानांपैकी एकाने दोन मिनिटं बोलावं, आपल्यापैकी एकाने ‘कोण कोणाची भूमिका वाचतंय’ हे एका मिनिटात सांगावं, बस्स. नावं सांगताना ज्याने त्याने हात वर करावा, लोकांना त्याचा फार उपयोग होतो.

अडखळलात तर “सॉरी” म्हणू नका, वाक्य पुन्हा घ्या. लहान मूल रडलं तर त्याच्या आईकडे बघू नका, ती बिचारी आधीच उठायच्या तयारीत असते. मिक्सर, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, भोंगा यांच्याशी आवाजाने लढू नका. थांबा, होऊ द्या, पुढे चला. चहा शेवटी, मध्ये नाही. मध्ये चहा दिला की कपांचा आवाज आणि बिस्किटांची चर्चा.

वाचन संपल्यावर “कसं वाटलं?” विचारलं की “छान” एवढंच उत्तर येतं आणि सगळे उठतात. त्याऐवजी नाटकातल्या भांडणाबद्दल विचारा : “यात चूक कोणाची?” ‘शारदा’नंतर आम्ही विचारलं, “शारदेच्या बापाला, कांचनभटाला, पैशांची खरंच गरज असती तर?” आणि पाऊण तास बायका बोलत होत्या. हुंडा, मुलीचं शिक्षण, कोणाच्या तरी चुलतबहिणीचं पन्नाशीच्या माणसाशी लावलेलं लग्न. एक आजी ठामपणे म्हणाल्या, “याच नाटकावरून शारदा कायदा आला.” हा गैरसमज आपल्याकडे बराच पसरलाय. 1929 चा बालविवाहबंदीचा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो. नाटक त्याच्या तीस वर्षं आधीचं, 1899 चं. मी हे सांगितलं, तर आजी म्हणाल्या, “असेल. पण नाव तर तेच आलं की नाही?” मी गप्प बसलो. अशा वेळी गप्प बसावं.

खर्च

सहा प्रती, प्रत्येकी चाळीस पानं, म्हणजे 240 पानं. आमच्याकडच्या दुकानात एकेरी छपाईला पानाला दोन रुपये, म्हणजे 480. चाळीस कप चहा 400. क्लिपबोर्ड एकदाच घ्यायचे. जाण्यायेण्याचं पेट्रोल वाटून घ्यायचं. एकूण खर्च हजार-बाराशेच्या पुढे जात नाही. तिकीट लावत नाही. दाराशी एक झाकणाचा डबा असतो, त्यावर ‘पुढच्या वाचनाच्या झेरॉक्ससाठी’ असं लिहिलेलं असतं. आम्ही तिकडे बघतही नाही. बहुतेक वेळा छपाई निघते, एकदा डब्यात पेढे निघाले.

निघण्यापूर्वी सतरंज्या झटकून घडी घाला, खुर्च्या मोजून होत्या तिथे रचा आणि यजमानांकडून पुढची तारीख तिथल्या तिथे ठरवून घ्या. “बघू, फोन करतो” यावर सोडलं तर वर्ष जातं. आणि प्रती मोजून घ्या. आमच्या ‘शारदा’च्या पाचच प्रती परत आल्या. सहावी त्या शारदेच्या आईने घरी नेली होती. पंधरा दिवसांनी फोन आला : पुढच्या गल्लीतल्या बचत गटाला वाचून दाखवायचंय, कांचनभटाला कोणी पुरुष मिळेल का?